खुंटीवरचा पाय

बुलडाणा जिल्ह्याचे लोकांच्या बोलण्यात दोनच भाग पडतात. अजिंठ्याच्या डोंगररांगेवर वसलेला तो घाटावरचा आणि पूर्णेच्या काळ्या खोऱ्यात पसरलेला तो घाटाखालचा. घाटाखाली, मलकापूर आणि नांदुरा यांच्या दरम्यानच्या एका खेड्यात आमच्या धर्मग्रामातील एक कुटुंब राहते. काही वर्षांपूर्वी, कापसाचा हंगाम संपत आला असता, आम्ही त्या घरी गेलो होतो. ओसरीवरच्या भिंतीत लाकडी खुंट्यांची एक ओळ होती. एका खुंटीवर दोरखंड, दुसरीवर कंदील, तिसरीवर घोंगडी आणि चौथीवर एक पाय टांगलेला होता. गुडघ्याखालचा, गव्हाळ रंगाचा, पाचही बोटे रेखलेला पाय.

घरधनी त्या पायाच्या खालीच, कुबड्या बाजूस ठेवून, बसले होते. दोन वर्षांपूर्वी जिनाकडे निघालेली कापसाची ट्रॉली उलटली आणि त्यांचा डावा पाय तिच्याखाली सापडला. तो गुडघ्याखाली कापावा लागला. पुढे एका शिबिरात त्यांस कृत्रिम पाय मिळाला. "भाऊ, पाय वर का टांगला?" असे आम्ही विचारले. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. "फादर, हा पाय लग्नाकार्याचा आहे जी," ते म्हणाले, "वावराचा नाही."

त्या एका वाक्याने आम्हास बरेच दिवस स्वस्थ बसू दिले नाही. ज्याने पाय तयार केला तो कारागीर, ज्याने तो दिला तो दाता आणि ज्याला तो मिळाला तो शेतकरी, या तिघांच्याही हेतूत खोट नव्हती. तरीही पाय खुंटीवर होता. मनुष्याने मनुष्यास अवयव करून देण्याचा प्रयत्न किती जुना आहे आणि तो कोठे कोठे अडला, हे पाहावे म्हणून आम्ही जमेल तसे वाचन केले. त्यातले काही वाचकांपुढे ठेवतो.

प्रारंभ अर्थातच कथांपासून होतो. ऋग्वेदात विश्पला नावाच्या स्त्रीची कथा सूचित झाली आहे. रात्रीच्या झुंजीत तिचा पाय तुटला आणि अश्विनीकुमारांनी तिला तत्काळ लोखंडी जांघ बसवून दिली, म्हणजे ती पुन्हा धावू शकावी. ती स्त्री नसून शर्यतीतील घोडी असावी, असेही काही पंडितांचे मत आहे. पंडितांचा स्वभावच तो! आम्ही सेमिनरीत असताना चर्चच्या इतिहासाच्या तासाला अशीच दुसरी कथा ऐकली होती. संत कॉस्मस आणि संत डेमियन या वैद्यबंधूंनी एका रुग्णाचा सडलेला पाय काढला आणि नुकत्याच पुरलेल्या एका कृष्णवर्णी मनुष्याचा पाय त्याच्या जागी जोडला. पंधराव्या शतकात फ्रा आंजेलिको याने हा प्रसंग रंगवला आहे. चित्रातील रुग्ण शांत झोपलेला आहे. त्याचा एक पाय गोरा आणि एक काळा. ज्याचा पाय घेतला त्या मृताच्या घरच्यांना कोणी विचारले होते काय, हा प्रश्न तेव्हा वर्गात कोणाच्याही मनात आला नाही, आमच्याही आला नाही. आज येतो.

या दोन्ही कथांत एक गोष्ट समान आहे. विश्पला त्या क्षणी उठून धावते आणि संतांचा रुग्ण झोपेतून जागा होऊन चालू लागतो. पाय जाणे आणि पाय मिळणे यांच्यामध्ये एका रात्रीहून अधिक काळ लोटतच नाही. सूज, पू, थोटकाची ठणक, कुबडीने सोललेली काख, यांपैकी कशाचाही उल्लेख कथाकार करीत नाही. आमच्या त्या शेतकऱ्याची दोन वर्षे नेमकी त्या न सांगितलेल्या काळात गेली होती.

कथा सोडून इतिहासात येताच मराठी मनुष्यास एक नाव भेटते. टिपू सुलतानाविरुद्ध १७९२ साली संपलेल्या युद्धात कावसजी नावाचा एक बैलहाक्या इंग्रजी फौजेबरोबर होता. नावावरून तो पारशी वाटेल, पण तत्कालीन वृत्तान्तात त्यास शेतकरी जातीचा मराठा म्हटले आहे. तो टिपूच्या हाती सापडला आणि त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो बिननाकाचा राहिला. पुढे पुण्याजवळच्या एका वीटकऱ्याने, म्हणजे जातीने कुंभार असलेल्या कारागिराने, त्याच्या कपाळाची कातडी खाली वळवून त्याला नवे नाक करून दिले. दोघा इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया प्रत्यक्ष पाहिली. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' या मासिकात तिचे सचित्र वर्णन छापून आले. ते वाचून जोसेफ कार्प्यू या शल्यविशारदाने १८१४ साली लंडनमध्ये तशी शस्त्रक्रिया केली आणि युरोपात त्या विद्येचा मार्ग खुला झाला. नवे अवयव घडवणाऱ्या आधुनिक शल्यशास्त्राच्या ग्रंथांत आजही कावसजीचे नाव येते. त्या कुंभाराचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही.

पण आम्हास त्या वृत्तान्तातील दुसरीच गोष्ट खुपते. कावसजीचा हातही गेला होता. नाकाची कहाणी सातासमुद्रापार गेली आणि हाताविषयी सारे गप्प. त्याच्या हाताच्या जागी काय आले? कंपनी सरकारचे निवृत्तिवेतन आले, एवढेच त्या मासिकात आहे. म्हणजे नाक कारागिराने भरून दिले आणि हात पैशाने भरून काढला. यात कुंभाराचा दोष नव्हता. नाक त्या मनुष्याच्या स्वतःच्या कातडीतून करता येते, ते एकदा रुजले की झाले. त्याला काम करावे लागत नाही. हाताला बैलाची कासरी धरावी लागते. पायाला अख्खे शरीर पेलावे लागते, तेही दररोज, चिखलात आणि ढेकळांत. अवयवाचे रूप देणे एक आणि त्याचे काम देणे दुसरे, हा फरक त्या एकाच देहावर लिहिला गेला होता.

युरोपातही यापूर्वी प्रयत्न झाले होते. सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यवैद्य आंब्रवाझ पारे याने रक्तवाहिन्या बांधून रक्तस्राव थांबवण्याची रीत अवयवच्छेदनात आणली आणि लोखंडी हातापायांचे आराखडेही दिले. गेलेला अवयव दुखतो, ही रुग्णांची तक्रार त्याने खरी मानून नोंदवली. तरीही १८४६ साली ईथरची गुंगी आणि १८६७ नंतर लिस्टरचे जंतुनाशक कार्बोलिक येईपर्यंत अनेकांस कृत्रिम पायाची गरजच पडत नसे. पाय कापल्यावर मनुष्य जगणे हीच मुळात मोठी गोष्ट होती.

आता वऱ्हाडाकडे येऊ. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि त्यांची नजर आपल्या काळ्या मातीकडे वळली. भाव चढले. खामगावची कापसाची पेठ नावारूपास आली आणि १८७० साली जलंबहून खामगावापर्यंत लोहमार्गाचा फाटा आला. त्या वर्षी गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो स्वतः तेथे आला होता. ही हकीकत जिल्ह्यातील जाणत्यांस ठाऊक असते. त्याच युद्धाची दुसरी बाजू मात्र आम्हास या निमित्ताने प्रथमच कळली. त्या चार वर्षांत अमेरिकेत सुमारे साठ हजार अवयवच्छेदने झाली. जून १८६१ मध्ये पाय गमावलेला जेम्स हँगर हा अवघा अठरा वर्षांचा सैनिक घरी परतला आणि पिंपाच्या फळ्या तासून त्याने स्वतःसाठी गुडघ्यात वाकणारा पाय तयार केला. त्यातून पुढे मोठा कारखाना उभा राहिला. मिसिसिपी या कापसाच्याच राज्याने १८६६ साली आपल्या महसुलाचा सुमारे पाचवा हिस्सा सैनिकांच्या कृत्रिम अवयवांवर खर्च केला. एकाच युद्धाने तिकडे पाय घडवण्याचा उद्योग उभा केला आणि इकडे कापसाची पेठ. पेठेबरोबर जिन आले, प्रेस आले, वाफेवर फिरणारे पट्टे आले. त्यांच्याबरोबर पाय मात्र आले नाहीत.

कायद्याची गत तशीच. हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१ चा. वर्षातून चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने त्याच्या कक्षेबाहेर होते, आणि जिन म्हणजे तर हंगामी कारखाना! कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा १९२३ साली आला. त्याच्या परिशिष्टात कोणता अवयव कोठून तुटला असता कमाईची शक्ती शेकडा किती घटली, याचे कोष्टक होते. कावसजीच्या निवृत्तिवेतनाचेच ते सुधारलेले रूप म्हणावे. शेतातील मळणी यंत्रात हात गेल्याच्या घटना वाढल्या तेव्हा त्या यंत्रांच्या सुरक्षिततेसाठी १९८३ साली वेगळा कायदा करावा लागला. तो किती खळ्यांपर्यंत पोहोचला हे खळ्यावर जाऊनच पाहावे.

आपल्या देशात कृत्रिम अवयवांचे पद्धतशीर काम सुरू झाले तेही युद्धामुळेच. पहिल्या महायुद्धात चाळीस हजारांहून अधिक ब्रिटिश सैनिकांनी हात अथवा पाय गमावले आणि लंडनजवळ रोहॅम्प्टन येथे १९१५ साली त्यांच्यासाठी रुग्णालय उघडले. दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली पुण्यात सैनिकांसाठी कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. त्याचे दरवाजे पुढे नागरिकांनाही उघडण्यात आले. मुंबईत हाजी अली येथे १९५५ साली पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आली आणि १९७२ साली कानपूरला कृत्रिम अवयव तयार करणारे सरकारी महामंडळ. या संस्थांनी असंख्य लोकांस उभे केले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. पण त्यांनी स्वीकारलेल्या पायाचा वंश विलायती होता. तो पाय बुटात घालण्यासाठी जन्मला होता. बूट काढला की त्याचा तोल जाई, घोट्यात तो वळत नसे आणि उकिडवे बसणे त्याला माहीतच नव्हते. आपल्याकडे मनुष्य उंबऱ्याबाहेर जोडा काढतो, पाटावर मांडी घालून जेवतो, शौचास उकिडवा बसतो आणि नांगरामागे अनवाणी चालतो. चर्चमध्ये गुडघे टेकतो, हेही त्यात धरावे. अशा मनुष्यास तो पाय म्हणजे पाहुणाच वाटणार.

ही अडचण जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयातील अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी यांच्या ध्यानी आली. त्याच रुग्णालयात रुग्णांना हस्तकला शिकवण्यासाठी रामचंद्र शर्मा नावाचे कारागीर होते. त्यांचे शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत झाले होते. लोक त्यांस मास्टरजी म्हणत. पाय पाहून त्यांना प्रथम सुचले ते हे की, तो पायासारखा दिसतच नाही. साच्यांतून आणि सामग्रीतून बराच काळ प्रयोग फसत गेले. सांगतात ते असे की, एके दिवशी सायकल पंक्चर झाली म्हणून शर्मा दुकानात थांबले, तेथे ट्रकच्या टायरवर तापवून नवे रबर चढवले जात होते. ते रबर आपल्या पायाला का चालू नये? १९६८ च्या सुमारास जो पाय तयार झाला त्याच्या घोट्याच्या जागी लाकूड, टाचेत आणि चवड्यात सच्छिद्र रबराचे ठोकळे, आणि वरून तापवून बसवलेल्या टणक रबराचे कातडीच्या रंगाचे वेष्टन होते. तो अनवाणी चाले, भिजला तरी बिघडत नसे, खडबडीत जमिनीवर आजूबाजूस वळे आणि त्यावर उकिडवे बसता येई. त्याचे पेटंट त्यांनी घेतले नाही. डॉ. सेठी यांस १९८१ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि तो योग्यच होता. मास्टरजींचे नाव मात्र बरेच नंतर लोकांच्या कानी आले. पुण्याच्या त्या कुंभारापेक्षा त्यांचे दैव थोडे बरे, इतकेच.

येथे एक गोष्ट विसरू नये. हा पाय तयार झाल्यावरही पहिल्या सात वर्षांत जेमतेम पन्नाससाठ जणांनाच तो मिळाला. १९७५ साली देवेंद्रराज मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. त्यांच्या स्वतःच्या पायाला अपघातात गंभीर दुखापत झाली होती. मग तो पाय विनामूल्य आणि एकदोन दिवसांतच मिळू लागला, गावोगावी शिबिरे होऊ लागली, आणि सुरुंगांनी पाय उडवलेल्या अफगाणिस्तानपर्यंत तो पोहोचला. पोटरीचा भाग पूर्वी ॲल्युमिनियमच्या पत्र्यातून ठोकून काढीत. पुढे तो शेतात पाणी नेण्याच्या पाइपातून, म्हणजे दाट पॉलिथिलीनच्या नळीतून, तापवून घडवू लागले. मुंबईच्या नर्तिका सुधा चंद्रन यांनी १९८१ साली अपघातात उजवा पाय गमावला आणि याच पायावर १९८४ साली त्या पुन्हा रंगमंचावर उभ्या राहिल्या. त्यांच्यावरचा चित्रपट काही तासांचा. मधली वर्षे तीन. आम्हास पुन्हा त्या झोपलेल्या रुग्णाचे चित्र आठवले.

म्हणजे घाटाखालच्या त्या ओसरीवर टांगलेला पाय वावरासाठीच जन्मला होता. मग तो लग्नाकार्याचा कसा झाला?

उत्तर एका निवृत्त तंत्रज्ञाने आम्हास समजावून सांगितले. पाय कापल्यानंतर थोटूक सुजलेले असते. त्यावर टोकाकडून वर अशी घट्ट पट्टी रोज पुन्हा पुन्हा बांधावी लागते, म्हणजे ते निमुळते होते. गुडघा सरळ ठेवावा लागतो. घरची माणसे मायेने त्याखाली उशी देतात आणि काही आठवड्यांत तो गुडघा वाकलेलाच आखडून जातो. जखम भरल्यावर प्लास्टरचा साचा घेऊन खोबण तयार होते, जिला ते सॉकेट म्हणतात. परंतु थोटूक पहिल्या वर्षभर आटतच राहते. आज नेमकी बसलेली खोबण चार-सहा महिन्यांनी सैल होते, मोज्यांचे थर वाढवावे लागतात, आणि शेवटी खोबणच नवी करावी लागते. सैल खोबणीत काळ्या मातीचा कण शिरला की कातडी सोलते. शिबिर म्हणजे एक दिवस. पायाला वर्ष हवे.

आमच्या शेतकऱ्याचे नेमके हेच झाले होते. चौथ्या महिन्यात पाय हलू लागला, पाचव्यात जखम झाली, सहाव्यात तो खुंटीवर गेला. शिबिर पुन्हा आले नाही आणि कोठे जावे हे त्यांस कोणी सांगितले नव्हते. त्यातही एक गोष्ट त्यांनी कोणापाशी बोलून दाखवली नव्हती. रात्री नसलेल्या पायाची बोटे आवळून येत. आपल्यास वेड लागते आहे, असे त्यांस वाटे. पारे याने चारशे वर्षांपूर्वी ही तक्रार लिहून ठेवली आहे आणि अमेरिकेतील यादवी युद्धाच्या रुग्णांवरून वेअर मिचेल या डॉक्टराने तिला १८७१ साली नावही दिले आहे, हे आम्ही त्यांस सांगितले. ते बराच वेळ गप्प राहिले. "म्हणजे त्या सोजिरांनाही होत होतं जी?" त्यांनी विचारले. होत होते, असे आम्ही म्हणालो. त्यांच्या कारभारणीने आतून पदराने डोळे पुसल्याचे आम्ही पाहिले.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोनदा त्यांच्यासोबत प्रवास केला. पहिल्या खेपेस साचा घेतला, दुसऱ्या खेपेस नवी खोबण बसवली. आठवडाभर दोन दांडक्यांच्या मधून चालण्याचा सराव झाला. तेथे मळणी यंत्रात उजवा हात गेलेला एक तरुण भेटला. त्याला मिळालेला हात दिसायला देखणा होता. पण त्याला विळा धरता येत नव्हता. दोनशे वर्षांनंतरही कावसजीचा प्रश्न बराचसा तेथेच आहे, हे लिहिताना आम्हास संकोच वाटतो. स्नायूंच्या विजेवर चालणारे हात आता निघाले आहेत खरे, पण त्यांची किंमत त्या तरुणाच्या शेताहून अधिक असावी.

मृग लागल्यावर आम्ही पुन्हा त्या गावी गेलो. ओसरीवर कोणी नव्हते. चौथ्या खुंटीवर कुबड्या होत्या. घरधनी बांधावरून येत होते, थोडे तिरके, पण स्वतःच्या चालीने. दोन्ही पायांना सारखाच चिखल. हौदाजवळ त्यांनी दोन्ही पाय धुतले, मग रबरी पाय वर धरून आम्हास दाखवला. बोटांजवळ भेग पडली होती आणि तिच्यावर काळ्या रबराचा चौकोनी तुकडा चिकटवलेला होता. नवा पाय बसवायला केंद्रात जायचे तर पेरणी सोडून दोन दिवस मोडणार, म्हणून त्यांनी नांदुऱ्याजवळ हमरस्त्यावरच्या पंक्चरवाल्याला गाठले होते.

त्याने काही घेतले काय, असे आम्ही विचारले.

"घेतले ना जी," ते म्हणाले. "सायकलच्या टूबचे घेतो तितकेच."